तोंड पुसण्याआधी

चि. दिगंबर यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला आणि जेवण गोड लागलं नाही. नांगराचा दांडा तुटला याचं काही नाही, लोखंड आहे, तुटायचंच. पण तुटलेली तोंडं ग्राइंडरनं चकचकीत घासलीस, वर वेल्डिंगचा हा एवढा ढीग, आणि खाली लिहितोस, "काका, आता आयुष्यभर बघायला नको." अरे, जे बघायचं होतं तेच पुसून बसलास!

दांडा कसा तुटला ते तोंडच सांगतं. निम्मं तोंड गुळगुळीत, गंजलेलं, त्यावर कडेपासून आत सरकलेली वलयं आणि उरलेलं खरखरीत असेल, तर भेग जुनी. हिसके बसत गेले, ती वाढत गेली, शेवटी उरलंसुरलं तुटलं. सगळंच दाणेदार चमकत असेल तर एका फटक्यात गेलं. वाकून, ताणून तुटलं तर माल मऊ किंवा ओझं फार. आता तुझ्याकडं तोंडच शिल्लक नाही, म्हणून माझी शंका सांगतो: शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून तिथं कडक बोल्ट ठोकलास ना? शिअर बोल्ट दांड्याआधी तुटण्यासाठीच असतो, बाबा! हेच सांगता सांगता माझा घसा बसला.

आणि रॉड कुठला वापरलास? खिडकीच्या ग्रिलला ६०१३ चालतो, इथं नाही. असे दांडे साध्या पत्र्यापट्टीच्या लोखंडाचे नसतात, कार्बन जास्त असतो. थंड दांड्यावर वेल्डिंग मारलं की उष्णता जाड लोखंडात झटकन पळते आणि शिवणीशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. रॉड दमट असला तर त्यातला हायड्रोजन आत शिरतो, मग काम न करता नुसता उभा असलेला दांडाही दुसऱ्या दिवशी तडकतो. म्हणून ७०१८ चा रॉड भट्टीत सुकवून घ्यायचा, दांडा २०० अंशांच्या वर तापवायचा (घासलेल्या जागेवर फिकट पिवळा रंग धरला की झालं) आणि नंतर राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा. पाणी ओतायचं नाही. फोटोत शेजारी बादली कशाला दिसते रे?

हे सगळं परवडलं. त्याच फोटोच्या कोपऱ्यात ट्रॉलीचा हूक दिसला. त्यालाही शिवण! नांगर शेतात तुटला तर वाफसा जाईल. उसानं भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं काय? रॉकेल लाव, पूस, खडू फास, भेग असेल तिथं ओली रेघ उमटेल, असं लिहिणार होतो. पण आतली भेग त्यात दिसत नाही. हूक ही डागडुजीची वस्तूच नव्हे.

नवा घडीव हूक आण. तो बसेपर्यंत ट्रॉली रस्त्यावर काढू नकोस, कारखान्याची पाळी चुकली तर चुकू दे.

तुझा,
काका