तुम्हाला काय वाटतं?

परदेशी विद्यापीठाच्या पत्रात इंग्रजीची अट एका ओळीत असते. 'आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसहा, आणि कुठल्याही विभागात सहापेक्षा कमी नको.' वाचायला पाच सेकंद लागतात. ही ओळ पार करायला आमच्या भाचीला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत संध्याकाळी तिच्यासमोर बसून सराव घेणारा मामा म्हणून मलाही बरंच काही कळलं. तेच आज लिहून ठेवतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. भाची कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातली. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे हायस्कूल, सगळं मराठीतून. नंतर शेतीची पदवी, ती इंग्रजीतून. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात माती आणि पाणी या विषयाच्या एमएस्सीला तिला प्रवेश मिळाला, पण सशर्त. शर्त म्हणजे वरची ओळ.

दाजींचा पहिला प्रश्न रास्तच होता. "पोरगी चार वर्षं इंग्रजीतच शिकली की. मग परत इंग्रजीची परीक्षा कशाला?"

खरं तर काही विद्यापीठं 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं कॉलेजचं पत्र चालवून घेतात. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुणही बघतात. ज्यांच्या घरात कुणी जायच्या तयारीत असेल त्यांनी हे आधी ई-मेल करून विचारावं, पैसे वाचतात. हिच्या विद्यापीठाला मात्र परीक्षाच हवी होती. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. आमच्याकडे कुठलीही मोठी रक्कम सोयाबीनमध्ये मोजायची पद्धत आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे साधारण साडेतीन क्विंटल. तेही हमीभाव हातात पडला तर. शिवाय निकाल फक्त दोन वर्षं चालतो. अक्का म्हणाली, "म्हणजे दोन वर्षांनी पोरीचं इंग्रजी शिळं होतंय का काय?"

असो. परीक्षेचे चार भाग. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. आम्ही ऐकण्यापासून सुरुवात केली.

ऐकण्यात चाळीस प्रश्न आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात बहुतेक वेळा कुणीतरी फोनवर आपलं नाव, पत्ता, फोन नंबर सांगत असतं आणि आपण फॉर्म भरायचा. हे सोपं वाटेल. पण भाची नेमकी इथे अडायची. आपण मराठीत 'पंचेचाळीस' म्हणतो, आधी पाच आणि मग चाळीस. इंग्रजीत आधी चाळीस येतात. डोक्यात मराठीतून आकडा करून लिहायला गेलं की पंचेचाळीसचे चोपन्न होतात, आणि तोवर बाई पुढच्या वाक्यावर गेलेली असते. त्यात शून्याला 'ओ' म्हणायचं आणि दोन चार आले की 'डबल फोर'. यावर उपाय साधा निघाला. महिनाभर घरातले सगळे आकडे, दुधाच्या हिशोबापासून मोबाईल नंबरपर्यंत, ती इंग्रजीत ऐकून इंग्रजीतच लिहायची. हा भाग सुधारला.

वाचनात एक गंमत आहे. उतारा देतात आणि खाली विधानं. प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक लिहायचं: बरोबर, चूक, किंवा 'नॉट गिव्हन', म्हणजे उताऱ्यात याबद्दल काही सांगितलेलंच नाही. आपली सगळी शाळा 'चूक की बरोबर' एवढ्यावर झालेली. तिसरा पर्यायही असू शकतो हे पचायला वेळ लागतो. उताऱ्यात नसलेली गोष्ट आपण आपल्या मनाची भर घालून 'बरोबर' ठरवून मोकळे होतो. हा पर्याय आमच्या गावच्या पारावर लागू केला तर निम्म्या गप्पा बंद पडतील :)

खरी अडचण बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या भागात होती, आणि ती इंग्रजीची नव्हतीच, हे कळायलाच दोन महिने गेले.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर परीक्षक. आधी तुमच्याबद्दल चार साधे प्रश्न. मग एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि जास्तीत जास्त दोन मिनिटं बोलायला. शेवटी त्याच विषयावर चर्चा. भाची पहिल्या भागात फाडफाड बोलायची. तिसऱ्या भागात मी विचारलं, गावातल्या तरुणांनी शहरात जावं की गावातच राहावं, तुम्हाला काय वाटतं? की ती गप्प.

मला वाटलं शब्द सुचत नसतील. म्हटलं, मराठीत सांग. तरी गप्प. मग म्हणाली, "मामा, मराठीत विचारलं तरी मला हेच होतंय. आजवर कुणी विचारलंच न्हाई की, तुला काय वाटतं म्हणून."

मी त्यावर बराच विचार केला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या पिढीला ते पाचवीत भेटलं, हिला पहिलीतच. म्हणजे बारा वर्षं विषय म्हणून आणि चार वर्षं माध्यम म्हणून, सोळा वर्षं इंग्रजी हिच्यासोबत होतं. व्याकरण तिचं माझ्यापेक्षा पक्कं आहे. पण त्या सोळा वर्षांत इंग्रजी होतं ते उत्तर लिहायला. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, ते गाईडात छापलेलं. आणि मराठीचं तरी काय वेगळं होतं? 'शेतकऱ्याचे मनोगत' हा निबंध तिने शाळेत किमान पाच वेळा लिहिला. शेतकऱ्याची मुलगी, रोज शेतात जाणारी, आणि निबंधातला शेतकरी गाईडातला! त्यात बोअर आटल्याचा उल्लेख नाही, सोयाबीनच्या भावाचा नाही. स्वतःच्या बापाचं मनोगत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ही परीक्षा नेमकं तेच विचारते. निबंधाचा प्रश्न असतो: या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्द. पाठ केलेलं लिहिलं तर परीक्षकाला कळतं आणि गुण जातात. बोलताना उच्चार साहेबासारखे नसले तरी चालतात, समोरच्याला कळले की झालं. पण मत हवं, त्याला कारण हवं, आणि एखादं उदाहरण हवं.

मग आम्ही पद्धत बदलली. रोज संध्याकाळी एक विषय, आधी मराठीत. सामायिक विहिरीवरचा पाण्याचा वार कसा ठरवावा? एसटी बरी की वडाप? तुळजापूरच्या यात्रेत दुकानं कुठे असावीत? एक मत, दोन कारणं, एक आपल्या गावातलं उदाहरण. सुरुवातीला ती माझ्याकडे बघायची, मी मान हलवतो का ते पाहायला. मग मी मान हलवणंच बंद केलं. तीन आठवड्यांनी ती माझंच म्हणणं खोडायला लागली. तेव्हा म्हटलं, आता इंग्रजीत. इंग्रजी अडखळत आलं, 'अ' आणि 'द' कुठे लावायचे हा घोळ आपल्या भाषेत ती भानगडच नसल्यामुळे शेवटपर्यंत राहिला, पण आलं. सांगायला काहीतरी होतं म्हणून आलं.

या काळात मला आनंदीबाई जोशी फार आठवल्या. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा अशी कुठली परीक्षा नव्हती. टोफेलसुद्धा १९६४ चं आणि आयईएलटीएस १९८९ चं. पण जायच्या आधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्या सभेसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातोय ते इंग्रजीत सांगितलं. इथे राहून का शिकत नाही, एकटी का जाते, असे लोक विचारत होते त्या एकेका प्रश्नाला उत्तर देत. वय अठराच्या आतबाहेर. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजला पाठवलेल्या अर्जात त्यांनी, प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, हे स्वतःहून लिहिलं आणि तरीही मला का घ्यावं तेही लिहिलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या भाषणाला आणि त्या अर्जाला आज कुणी किती बँड देईल ते सोडा. तिथे मत होतं, कारणं होती, आणि अनोळखी माणसांसमोर ते ठेवायची हिंमत होती.

आमच्याच घरातलं एक उदाहरण आहे. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलणारे आमचे आजोबा कचेरीत चिकटायचं म्हणून उर्दू शिकले. त्यांच्यासाठी उर्दू हीच 'सहापेक्षा कमी नको'वाली ओळ होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली आणि पुढे काही वर्षांत त्या उर्दूचा कचेरीतला भाव उतरला. पण आजोबांकडे शेवटपर्यंत गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे, मराठीत. साहेबासमोर आपलं म्हणणं कसं मांडायचं हे ते उर्दू शिकताना शिकले होते, ते कामी येत राहिलं. दारावरची भाषा बदलत राहते. दारात उभं राहून बोलायचं ते आपल्यालाच बोलावं लागतं.

तर परीक्षा. धाराशिवहून रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने पुणे, उजाडायच्या आत स्टेशनवर, तिथून केंद्रावर. पासपोर्टशिवाय आत सोडत नाहीत, तो तिने तीनदा चाचपला. काही दिवसांनी निकाल आला: ऐकणं सात, वाचन साडेसहा, बोलणं साडेसहा, लेखन साडेपाच. सरासरी साडेसहा. म्हणजे ओळीचा पहिला अर्धा पार, दुसरा नाही. अर्ध्या बँडसाठी.

बोलण्यात मात्र साडेसहा होते, जिथे ती गप्प बसायची तिथे. मला त्याचंच अप्रूप वाटलं.

परीक्षा संगणकावर दिली असेल तर साठ दिवसांच्या आत फक्त एकच विभाग पुन्हा देता येतो, ही सोय २०२३ पासून भारतात आहे. मात्र विद्यापीठाला ते चालतं का हे विचारावं लागतं. तिने विचारलं, त्यांनी होकार दिला. पुन्हा रात्रीची गाडी, पुन्हा पुणे. लेखनात सहा. काठावर, पण पार.

हे इथेच संपायला हवं होतं. पण खर्चाचा प्रश्न होता. दाजींनी एक एकर विकायचं मनात ठरवून टाकलं होतं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. घरात बैठक बसली. काका, आत्या, मी. अशा बैठकीत आमच्याकडे पोरी चहा आणून देतात. भाचीने चहा दिला आणि तिथेच बसली. म्हणाली, "जमीन विकू नका, असं मला वाटतं." मग कारणं. एक, विद्यापीठ प्रवेश वर्षभर पुढे ढकलायला तयार आहे, तिने विचारलं होतं. दोन, इंग्रजीचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे पुढच्या सप्टेंबरलाही तो चालेल. या वर्षात शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरेन, नोकरी करेन, नाही जमलं तर शैक्षणिक कर्ज. आणि उदाहरण म्हणून तिने गावातल्याच एका घराचं सांगितलं, ज्यांनी शिक्षणासाठी विकलेलं रान परत कधी घेता आलं नाही.

काका मध्ये बोलायला गेले, तर दाजींनीच हाताने थांबवलं. "बोलू द्या तिला."

शिष्यवृत्ती मिळेल का, पुढचा सप्टेंबर जमेल का, आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. सध्या ती धाराशिवला एका संस्थेत माती तपासणीच्या कामावर आहे आणि रात्री अर्ज लिहिते, स्वतःच्या शब्दांत. त्या एकरात यंदा हरभरा आहे.