ब्राइटनेसला हात लावू नका

डबा टीव्हीच्या काळात कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्यांना 172.8 हा आकडा तोंडपाठ असायचा. सेकंदाला 24 फ्रेम आणि शटर 172.8 अंशांवर, म्हणजे एक्स्पोजर बरोबर 1/50 सेकंद. पॅल टीव्हीचं एक फील्ड तेवढ्याच वेळात रंगतं, म्हणून पडद्यावरून सरकणारा काळा पट्टा जातो. उरलीच तर जोडाची बारीक रेघ. हा आकडा ज्याला ठाऊक तो आपल्यातला, बाकी सगळे हौशी, अशी आमची मिजास होती. माझी अजूनही आहे. पण फ्रेममध्ये स्क्रीन आली की डोळे झाकून 172.8 लावणं आता पुरत नाही. शटरला हात घालण्याआधी विचारायचं ते हे, की मॉनिटरचा ब्राइटनेस कुणी कमी केलाय का?

केलेला असतोच. सेटवर उजेड बेताचा, त्यात लॅपटॉप पांढराफटक जळतोय. मग कुणीतरी बटण दाबून तो निम्म्यावर आणतं आणि स्क्रीन डोळ्याला शांत वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ एलसीडींमध्ये मागचे एलईडी मंद होत नाहीत, ते झपाट्याने चालू-बंद होऊ लागतात. स्क्रीन जितकी मंद, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. ही उघडझाप सेकंदाला 240 वेळा असेल, तर 1/50 सेकंदात तिची 4.8 आवर्तनं बसतात. आताचे बहुतेक कॅमेरे चित्र ओळीओळीने टिपतात. त्यामुळे काही ओळींना पाच झोत मिळतात, काहींना चारच, आणि लॅपटॉपवर आडवे पट्टे उमटतात. 1/48 ला पाच आवर्तनं पूर्ण होतात, 1/60 ला चार. मग तेच लावा की, असं कुणी म्हणेल. पण मागच्या भिंतीवर चोकवाली जुनी ट्यूब असेल तर ती आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तिला 1/50 किंवा 1/100 हवं. दोघींना एकदम चालेल असं सगळ्यात लहान एक्स्पोजर निघतं 1/20 सेकंद, आणि 24 फ्रेमच्या हिशेबात ते मावतच नाही.

म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवावा. अशा पॅनेलचा बॅकलाइट तेव्हा सलग जळतो आणि शटर ट्यूबच्या सोयीने लावता येतं. स्क्रीन फार उजळ दिसत असेल तर तिच्यावरचं पान पांढऱ्याऐवजी राखाडी करा, नाहीतर मापात कापलेली एनडी जेल सुरकुती न पाडता चिकटवा. नव्या पुष्कळ मॉनिटरांत उघडझाप नसते हे खरं. पण भाड्याने आलेला मॉनिटर कुठल्या जातीचा, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. शटर 1/1000 वर नेऊन बघा, पट्टे असतील तर लगेच दिसतात. ओएलईडी फोनपुढे मात्र माझा उपाय लंगडा पडतो. त्यांतले पुष्कळ पूर्ण ब्राइटनेसलाही धडधडतात, तिथे हिशेब करावाच लागतो.

एवढी यातायात कशाला, हिरवी स्क्रीन ठेवा, चित्र पोस्टमध्ये भरू, हा हल्लीचा रिवाज. फोनवर बोट फिरत नसेल आणि पात्राला चष्मा नसेल तर निभतंही. पण मेसेज वाचणाऱ्या माणसाच्या हनुवटीवर पडतो तो उजेड मेसेजचा असावा लागतो. हिरवी झाक घालवून तिथे दुसरा उजेड रंगवायचे पैसे निर्माता मुकाट मोजतो, आणि एनडी जेलचा तुकडा मागितला की बजेट दाखवतो.