दस्तक

रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांच्या तटबंदीचे अवशेष आजही उभे आहेत. सोळाव्या शतकात या दर्यावर्दी लोकांनी अरबी समुद्रावर असा दंडक घातला होता, की त्यांचा परवाना जवळ असल्याविना कोणत्याही व्यापाऱ्याने आपले गलबत हाकारू नये. त्या परवान्यास ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसलेले गलबत जप्त होई. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातून कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा दरारा समुद्रावर पसरला. तेव्हा त्यांनी उलट बजावले, की या किनाऱ्याने जाणाऱ्या गलबतांनी आता आमचे दस्तक घेतले पाहिजे!

याच किनाऱ्यावरील एका वाडीत वाढलेल्या सुभेदारांना या कथा आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळाल्या होत्या. आजोबा मचव्यावर तांडेल होते. मचव्याचे कागद ते पत्र्याच्या एका नळकांड्यात ठेवीत व त्याचे झाकण मेणाने बंद करीत. “शीड फाटले तर शिवता येते, पण कागद भिजला, की परक्या बंदरात आपण चोर ठरतो,” असे ते म्हणत. आजोबा निवर्तल्यावर ते नळकांडे नातवाकडे आले.

सुभेदारांची एक मोटारसायकल होती. सैन्यातील दहा वर्षांच्या बचतीतून त्यांनी ती घेतली होती. ती घरी आणली, त्या संध्याकाळी थकलेल्या आजोबांना मागे बसवून त्यांनी रेवदंड्यापर्यंत फेरी मारली होती. आजोबांचा तो अखेरचा प्रवास. म्हणूनच भूतानमधील हा या गावी बदली झाल्याचे पत्र आले, तेव्हा ही गाडी बरोबर न्यावयाची, असे त्यांनी मनाशी ठरविले.

भूतान हे आपले शेजारी राष्ट्र. फुंटशोलिंगपासून थिंफूपर्यंतचा डोंगरी रस्ता बांधण्याचे काम भारताच्या सीमा सडक संघटनेने १९६१ साली ‘दंतक’ या प्रकल्पाद्वारे हाती घेतले. भूतानी सैनिकांना शिक्षण देणारे भारतीय लष्करी पथकही त्याच सुमारास हा येथे स्थापन झाले. तेव्हापासून भारताचे जवान तेथे जात-येत आहेत.

गाडीची टाकी रिकामी करून, तिला गोणपाटात गुंडाळून सुभेदारांनी ती रेल्वेने रवाना केली. उत्तर बंगालमधील हासिमारा स्थानकावर ती उतरून घेतली आणि ते सरहद्दीवरील जयगाव येथे मुक्कामास पोहोचले. रस्त्याच्या टोकाशी ड्रॅगनच्या आकृतींनी नटलेली भूतानची कमान दिसत होती. पलीकडे फुंटशोलिंग. तेथे वाहनाचा परवाना मिळवून सकाळी डोंगर चढावयाचा होता.

रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली त्यांनी नळकांडे उघडले. नोंदणीचा कागद होता, धुराच्या तपासणीचा दाखला होता, चालकाचा परवाना होता. विम्याचा कागदही होता. परंतु त्याची मुदत दोन दिवसांपूर्वी, गाडी रेल्वेच्या डब्यात असतानाच, संपली होती.

बरोबरचा सहकारी हसून म्हणाला, “सुभेदारसाहेब, गणवेश चढवा आणि चला. दोन दिवसांची तर गोष्ट! जवानाच्या विम्याची तारीख कोण पाहतो?”

सुभेदार क्षणभर गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी हा येथे हजर होणे अटळ होते. नवा विमा हाती येईपर्यंत थांबण्यास वेळ नव्हता. गाडी येथेच ठेवली, तर पुन्हा कधी खाली येता येईल, याचा नेम नव्हता. तथापि त्या अरुंद घाटात एखादे भूतानी मूल चाकाखाली आले, तर त्याच्या आईबापांना भरपाई कोण देणार? विमा असतो तो अशाच परक्याच्या नुकसानीसाठी.

“कोणी पाहत नाही, म्हणून तर ती मलाच पाहिली पाहिजे,” ते शांतपणे म्हणाले.

पहाटे त्यांनी गाडी एका परिचिताच्या अंगणात उभी केली, तिच्यावर गोणपाट घातले आणि सैन्याच्या बसने ते वर गेले. बस वळणे घेत असता ते वारंवार मागे पाहत होते.

दीड महिन्याने रजा मिळाली. तोवर विम्याचा नवा कागद आला होता. परवाना घेऊन सुभेदार एकटेच निघाले. दोन नद्यांच्या संगमावरील छुझोमपाशी रस्ता फुटला आणि हाच्या दिशेने वळला. कोकणच्या दमट वाऱ्यात वाढलेली ती गाडी पाइन वृक्षांच्या थंड छायेतून धापा टाकीत चढत राहिली.

बदलीची मुदत संपत आली, तेव्हा तेथील एका दुकानदाराने गाडीला चांगली किंमत देऊ केली. सुभेदारांनी नम्रपणे नकार दिला. परवान्यावर परदेशी गेलेले वाहन हे पाहुण्यासारखे असते. त्याने ठरल्या मुदतीत परतावयाचे असते. असे वाहन परस्पर विकले, तर त्या देशाची जकात बुडते. याच कारणास्तव १९५४ साली न्यूयॉर्क येथे अनेक राष्ट्रांनी करार केला, की प्रवाशाला खासगी वाहन काही काळ जकातीविना आणता यावे. मात्र ते त्याने परत न्यावे. पाहुण्यावर विश्वास ठेवला जातो, तो परत जाण्याच्या वचनावर.

आज ती मोटारसायकल वाडीतील माडाखाली उभी असते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिला थोडा गंज चढला आहे. घरात भिंतीवर पत्र्याचे ते नळकांडे टांगलेले आहे. त्यात दोन कागद आहेत : एक आजोबांच्या मचव्याचा, पिवळा पडलेला, दुसरा भूतानचा. दोहोंच्या घड्या सारख्याच जपून घातलेल्या आहेत.