सांगड

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर दीपगृहाच्या दक्षिणेस नोच्चिकुप्पम ही मच्छीमारांची वस्ती आहे. ‘कुप्पम’ म्हणजे आपल्याकडील कोळीवाडाच. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये एक रस्ता, रस्त्यापलीकडे पुळण आणि पुळणीवर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्या. कुणाच्या नाळेवर मुरुगनाचा मोर, कुणाच्या कुशीवर क्रूस, तर कुणावर एखाद्या चित्रपटनटाचा हसरा चेहरा. या रंगीत रांगेच्या टोकाला चार काळपट ओंडके वाळूत पडून होते. त्यांची एका बाजूची टोके किंचित वर वळलेली होती. रोज सकाळी एक वृद्ध मच्छीमार त्यांच्यावर येऊन बसे. ते ओंडके म्हणजेच त्याचे एके काळचे कट्टुमरम्.

गेल्या उन्हाळ्यात या ओंडक्यांना गिऱ्हाईक आले. महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका विश्रामगृहाला आपल्या बागेत ‘जुनी तमिळ होडी’ मांडावयाची होती. ओंडके घासूनपुसून त्यांना रोगण लावावे, खिळे मारून ते एकमेकांस जोडावेत आणि रात्री त्यांवर दिवे सोडावेत, असा बेत होता. मुलाच्या होडीचे इंजिन दुरुस्तीला आले होते. देऊ केलेली रक्कम त्या दुरुस्तीला पुरेशी होती. मुलगा म्हणाला, “अप्पा, देऊन टाका. नाहीतरी वाळवी खाणारच आहे.” म्हाताऱ्याने दोन दिवस होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

या दोन दिवसांच्या मौनाचा अर्थ लावावयाचा तर आधी त्या वस्तूकडे नीट पाहिले पाहिजे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे झाड किंवा लाकूड. बांधलेले लाकूड एवढाच या नावाचा अर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके एकत्र बांधून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नावांचा उल्लेख येतो. या शब्दाचा संबंध अभ्यासकांनी संस्कृत ‘संघाट’शी जोडला आहे. आपली ‘सांगड’ त्याच कुळातील. आपण तत्त्वांची, विचारांची, जुन्यानव्याची सांगड घालतो, तेव्हा त्या क्रियेखाली कुठेतरी पाणी वाहत असते याची आठवण आपल्याला राहिलेली नाही. कट्टुमरम् या शब्दाचा प्रवास तर त्याहून विलक्षण. विल्यम डँपियरने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनातून तो इंग्रजीत गेला आणि पुढे दोन कण्यांच्या शर्यतीच्या नौकेला चिकटला. नॅथॅनियल हेरेशॉफच्या ‘अमॅरिलिस’ या अशा नौकेने १८७६ मध्ये न्यूयॉर्कची शर्यत गाजवली. आज जगभर ‘कॅटामरान’ म्हटले की पांढऱ्याशुभ्र विलासी नौकेचे चित्र उभे राहते. मूळ वस्तू मात्र नाव परक्याला देऊन वाळूतच राहिली.

या वस्तूचा आकार ठरवला तो या किनाऱ्याने. येथे नैसर्गिक बंदर नाही. १८७० च्या दशकात कृत्रिम बंदराचे काम सुरू होईपर्यंत गलबते दूर नांगरून राहत आणि माणसे व माल मसुला नावाच्या नावांतून फुटत्या लाटांवरून किनाऱ्याला येत. मसुलेच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, त्यांत खिळा नसे. युरोपीय जहाजांच्या घट्ट बांधणीच्या देखण्या होड्या या लाटांत टिकत नसत. शिवलेली नाव वाकत असे आणि वाकत असल्यामुळेच तरत असे. कट्टुमरम् हे याच शहाणपणाचे अधिक साधे रूप होय. त्याला पोकळी नाही, म्हणून पाणी उपसण्याचे कारण नाही. लाट वरून जाते आणि ओंडक्यांच्या फटींतून निघून जाते. कामाप्रमाणे एखादा ओंडका वाढवावा किंवा कमी करावा. परत आल्यावर दोर सोडावे, भिजून जड झालेले ओंडके एकेक करून वर न्यावेत आणि उन्हात वाळत घालावेत. म्हणजे रोज रात्री बांधावी आणि दुसऱ्या दिवशी सोडावी अशी ही होडी. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीवर विस्तृत निबंध लिहिला, त्यातही या ओंडक्यांच्या बांधणीला मानाचे स्थान आहे.

पाहणाऱ्याला तिचे रूप मोहवते, यात नवल नाही. पुढे निमुळते होत वर उचललेले टोक, त्रिकोणी शीड, वर उभी असलेली माणसाची काळी आकृती. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील लयतत्त्वाच्या भाषेत बोलावयाचे तर या रेषांत संवाद आहे, विरोध आहे आणि समतोलही आहे. परंतु ते टोक वर उचलले गेले ते लाटेत घुसू नये म्हणून. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कांटच्या विवेचनाची जी सविस्तर चिकित्सा केली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की हे परायत्त सौंदर्य आहे. वस्तू कशासाठी आहे हे कळल्यावाचून तिचे रूपही पुरते कळत नाही. क्षेमेंद्राचा ‘औचित्य’ हा शब्द येथे अधिक जवळचा वाटतो.

येथपर्यंत सारे सोयीस्कर आहे. उपयुक्तता हेच सौंदर्य, असा निष्कर्ष काढून अभ्यासकाने समाधानाने परतावे. पण त्या म्हाताऱ्याच्या उजव्या खांद्यावर तळहाताएवढा घट्टा आहे. ओंडके वाहून तो पडला. अर्धे आयुष्य तो कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात बसून मासे धरीत आला, कारण ज्या फटींतून लाट निघून जाते त्याच फटींतून ती वरही येते. सायंकाळी फिरावयास येणारे लोक त्या ओंडक्यांची छायाचित्रे घेत. म्हातारा एकदा म्हणाला, “फोटो पुष्कळांनी काढले. ओंडका कुणी उचलून पाहिला नाही.” तक्रारीचा सूर नव्हता, नोंद होती.

म्हणूनच फायबरची होडी आली तेव्हा या वस्तीने शोक केला नाही. हलके लाकूड दुर्मिळ आणि महाग होत चालले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ पासून मद्रासेत बंगालच्या उपसागरासाठी जो प्रकल्प चालवला, त्यातही पुळणीवर उतरवता येईल अशा नव्या होडीचा शोध चालला होता. पुढे २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने किनाऱ्यावरील होड्यांचा चुराडा केला आणि मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या. नव्या होडीने माणसाला कोरडे ठेवले, दूर नेले. त्याबरोबर इंजिन आले, इंधन आले, कर्जही आले. कट्टुमरम् मोडले तर त्याचे सरपण होई. फुटलेले फायबर वाळूत तसेच पडून राहते.

या व्यवहारी होडीने आणखी एक गोष्ट दिली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिने मच्छीमाराला रंगवावयास पृष्ठभाग दिला. ओंडका रोज सुटणार, उन्हात वाळणार. त्याने पाणी सोडले पाहिजे, म्हणून त्यावर रंगाचा थर चालत नाही. सणाला हळदकुंकू लागे तेवढेच. नारळी पौर्णिमेला वेसाव्याच्या किंवा सातपाटीच्या होड्या नटतात, तसे नटणे कट्टुमरम्च्या नशिबी नव्हते. जे रूप रसिकांनी वाखाणले ते त्याच्या मालकाने निवडलेले नव्हते, ते समुद्राने त्याच्यावर लादलेले होते. उलट ज्या फायबरच्या होडीला पाहून रसिक नाक मुरडतो, तिच्या नाळेवरचा मोर मात्र मुलाने स्वतः निवडला आहे आणि त्यासाठी रंगाऱ्याला पैसे मोजले आहेत. देखणेपणा आणि सोय यांच्या वादात तराजू कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राने क्वचितच विचारला आहे. काठावरच्याचे सौंदर्य एक असते आणि पाण्यातल्याचे दुसरे.

मग म्हातारा दोन दिवस गप्प का राहिला? ओंडके त्याला सुंदर वाटत होते म्हणून नव्हे. तमिळमध्ये सौंदर्यासाठी ‘अळगु’ हा नित्याचा शब्द आहे. आपल्या होडीविषयी तो त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. “तिने मला बुडू दिले नाही,” एवढेच तो म्हणे. प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने समुद्रकाठाला ‘नेय्दल’ म्हटले आणि वाट पाहण्याची व्याकुळता त्या भूमीला वाहिली. किनाऱ्यावर थांबलेल्यांच्या या भावनेत, परत आणणाऱ्या होडीचा वाटा किती, हे त्याला शिकवावे लागले नसते.

तिसऱ्या दिवशी त्याने होकार दिला. अट एकच घातली: खिळे मारावयाचे नाहीत. बांधून मी देईन. गिऱ्हाइकाच्या माणसाने समजावून सांगितले की ही होडी पाण्यात जाणार नाही. दोर दिसला काय आणि न दिसला काय, सारखेच. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले. मग त्याने दोर मागवला, ओंडके ओळीने मांडले, मधले कोणते आणि कडेचे कोणते ते हात फिरवून ठरवले आणि मुलाला दुसऱ्या टोकाला बसवले. मुलाने लहानपणी हे काम पाहिले होते. गाठ त्याला येत नव्हती. दोनदा चुकली, दोनदा सोडावी लागली. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याने गाठीवर टाच रोवून दोर ओढून पाहिला आणि मान हलवली.

ट्रक आला तेव्हा रंगारी शेजारच्या होडीवर मोराचा पिसारा पुरा करीत होता. सांगड चौघांनी उचलली. म्हातारा पाचवा होऊन पुढे झाला; त्याने उजवा खांदा लावला. मुलगा म्हणाला, “अप्पा, राहू द्या.” त्याने राहू दिले नाही.