हाताच्या मागें राहणारा कुंचला

हात पुढें निघून जावा आणि रेघेनें धापा टाकीत मागाहून यावें, यासारखी चित्र काढणाऱ्याची दुसरी फजिती नाहीं. कागदावर ती कधीं होत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर मात्र होते, आणि गेल्या पावसाळ्यांत ती आमच्या वाट्यास आली.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगडचा किनारा झोडपला, तेव्हां श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली पंचतन या टापूंतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमची बोर्लीची वाडीही त्यांतच गेली. नवी पोफळ फळाला येईपर्यंत वर्षें लोटतात, आणि आमच्या काकूंची दृष्टि तर दिवसेंदिवस अधू होत चालली आहे. त्यांची इच्छा एवढीच कीं, ओटीवरच्या भिंतीवर जुनी वाडी एकदां पुन्हां उभी राहावी. "पण चित्र लहान नको हो. झांवळी न् झांवळी दिसूं दे रे!"

आम्हीं उत्साहानें दहा हजार ठिपके रुंद व तितकाच उंच असा पट घेतला, हजार ठिपके रुंदीचा कुंचला निवडला, आणि आभाळ ओढावयास आरंभ केला. हात पटाच्या उजव्या कडेला पोंचला तरी रंग अजून डावीकडेच रेंगाळत होता! मग आम्हीही हळूहळू, चांचपडत हात फिरवूं लागलों. शेजारीं बसलेल्या काकू म्हणाल्या, "आभाळाला भ्यायल्यासारखा काय काढतोस?" तें वर्मीं लागलें. दोष केवळ वेळेचा नव्हता. यंत्राच्या संथपणानें आमचा हातच बिघडत चालला होता.

तेव्हां हिशेब करावयास बसलों. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटि ठिपके. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आंकडे. म्हणजे एका थरास चाळीस कोटि बाइट. आम्हीं हौसेनें सोळा बिटांची रंगखोली निवडली होती, म्हणून त्याची दुप्पट, आणि थर तर आठ! एकूण ६४० कोटि. आमच्या संगणकाची स्मृति सारी मिळून ८०० कोटींच्या आसपास, आणि तींतही इतर कामांचा वाटा. ती भरली कीं यंत्र डिस्ककडे धांव घेतें. चिमूटभर रंगासाठीं दर वेळीं श्रीवर्धनच्या बाजारांत जाऊन यावें, तसें.

दुसरी गोष्ट कुंचल्याची. पडद्यावरचा फटकारा ही रेघ नव्हेच. ते एकमेकांना चिकटून उमटविलेले शिक्के असतात. शंभर ठिपके व्यासाच्या शिक्क्यांत सुमारें ७,८५० ठिपके, तर हजार व्यासाच्या शिक्क्यांत ७,८५,०००. रुंदी दसपट, पण एकेका शिक्क्याचे श्रम शंभरपट!

मग आम्हीं रंगखोली आठ बिटांवर आणली. त्यानें आभाळाच्या सौम्य छटांत पट्टे पडण्याचा धोका असतो, तो पत्करला. पुरे झालेले थर एकत्र करून तीनच ठेवले. ६४० कोटींचे १२० कोटि झाले. शिक्क्यांतलें अंतर थोडें वाढविलें. ज्या बारकाव्याला मोठा कुंचला नको, तेथें लहान घेतला.

परंतु खरी मौज क्रिटा या मोफत चित्रप्रणालींत पाहिली. २०१६ सालीं निघालेल्या तिच्या ३.० या आवृत्तींत 'इन्स्टंट प्रिव्ह्यू' नांवाची सोय आली. तींत फटकारा प्रथम चित्राच्या लहान प्रतीवर उमटतो. निम्म्या रुंदीउंचीच्या प्रतींत ठिपके चौथाईच असल्यानें तो तत्काळ दिसतो. पूर्ण आकाराचें काम मागाहून चालूं राहतें. शिवाय चित्र लहान लहान चौकटींत सांठविलेलें असतें, आणि कुंचला ज्या चौकटींना शिवला तेवढ्यांचाच हिशेब होतो. आम्हांस नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांची आठवण झाली. मोठ्या पटावर चित्र उतरवितांना चौकटी पाडाव्या, आधीं ठोकळ आकार बसवावे, बारकावे मागाहून भरावे, ही चित्रकारांची जुनीच रीत. यंत्राला ती आतां शिकविली गेली, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं आभाळ एका दमांत ओढलें. संध्याकाळीं काकूंनीं पडद्याशीं डोळे नेऊन एकेक पोफळ मोजली आणि म्हणाल्या, "विहिरीपाशीं एक कमी आहे. वांकडी होती बघ ती."

आम्हीं कुंचला उचलला. वांकडी पोफळ हाताबरोबरच उमटली.