खिडकीतल्या पट्ट्या

सावंतवाडीच्या काकूंकडे मी पहिल्यांदा गेलो तो स्वार्थानेच. शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांकडे रंगपेटी नसे. पानाफुलांचे रंग करणाऱ्या या बाई काही स्वस्तातली युक्ती सांगतील, एवढीच आशा होती. काकूंनी फी कधी घेतली नाही. उलट निघताना हातात काही ना काही ठेवत: मंजिष्ठेची मुळं, बाभळीचा डिंक, पुढे एकदा त्यांचा दगडी खलसुद्धा. ते सगळं फेडता आलं असतं. रंगाकडे संशयाने बघायची त्यांनी लावलेली सवय कशी फेडणार?

गाव चिताऱ्यांचं. दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची 120 गोल पानं इथे रंगत. ती कला संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, म्हणून राहिली. काकूंची चिंचोक्याची खळ त्याच वळणाची होती. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, मग ते भिजवून वाटायचे, शिजवायचे. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, म्हणून जुने लोक तिच्यात मोरचूद घालत. काकू लवंगेचं तेल घालत, कारण मोरचूद विषारी. हरताळाच्या पिवळ्यात सोमल, हिंगुळाच्या लालात पारा, हेही त्या ऐकवत. जुनं ते सगळं निरुपद्रवी, हा समज त्यांच्या घरात टिकत नसे.

मंजिष्ठेचा रंग करायला त्यांनी मला बाजूला बसवून शिकवलं. मुळं रात्रभर भिजवायची, मंद आचेवर ठेवायची, उकळू द्यायची नाहीत. उकळली की लालात तपकिरी शिरतो. गाळलेल्या पाण्यात विरघळलेली तुरटी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी थोडंथोडं. सोडा पडला की फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा वर येतो, म्हणून भांडं मोठं हवं. फेस बसला की लाल गाळ तळाशी जमतो. तुरटीतल्या अॅल्युमिनियमने पाण्यातला रंग धरून खाली आणलेला असतो. नुसत्या काढ्याने कापड रंगतं; चित्राच्या रंगासाठी हा गाळ लागतो. तो फडक्यावर गाळून धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि डिंकाच्या पाण्यात, थेंबभर मध घालून, घोटायचा. घोटायचा म्हणजे हात दुखेपर्यंत.

मग खरी परीक्षा. प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढून तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि कागद दक्षिणेच्या खिडकीत लावायचा. काकूंची ती खिडकी अशा कागदांनी भरलेली असे, घरात उजेड कमी पडायचा. हळदीचा पिवळा सगळ्यांत आधी उडाला. रातांब्याचा लाल तर सोडा पडताच निळसर, मळकट झाला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा फिका, पण चिवट निघाला. मंजिष्ठा आणि नीळ यांनी बराच काळ तग धरला. हिरडा आणि लोखंडाचा काळा मला फार आवडायचा, पण तो कालांतराने कागदच खातो. म्हणून काकूंचा काळा दिव्याच्या काजळीचा. काजळी उन्हाला दाद देत नाही.

एकदा मुंबईहून मोठ्या चित्राची मागणी आली. हळदीसारखाच झळझळीत पिवळा हवा, जागा ऐन उन्हातल्या भिंतीवर. तिथे हळद टिकणार नाही, काकूंनी फोनवरच सांगून टाकलं. मागणी गेली. मी हळहळलो, तर म्हणाल्या, “गिऱ्हायकाक खरा सांगूक होया.” पैशांची गरज त्यांना नव्हती असं नाही. त्यांच्या प्रत्येक चित्रामागे तारीख, वनस्पती आणि कुठे टांगू नये, हे लिहिलेलं असे. असं लिहिणारे चित्रकार मला फारसे भेटलेले नाहीत.

आता माझ्या वर्गाच्या खिडकीतही अर्ध्या झाकलेल्या पट्ट्या लटकतात. पोरं तुरटी-सोड्याचे गाळ काढतात, कोणाचा किती दिवस टिकला यावरून भांडतात. रंगपेट्यांचा प्रश्न यातून सुटलेला नाही. मंजिष्ठा स्वस्त मिळत नाही, आणि एका बाटलीभर रंगाला अख्खी दुपार लागते.

तुम्ही ‘नैसर्गिक रंग’ असं लिहिलेली डबी किंवा चित्र घ्याल, तेव्हा विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: आत कोणती वनस्पती आहे, आणि उन्हात किती टिकते. सांगता आलं नाही, तर घेऊ नका.