वळिवड्याची पाहुणी मुले

मी पुष्कळ वर्षे मुख्याध्यापक होतो. जून महिन्यात शाळा उघडली, की आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याची उंची व वजन आरोग्यपत्रिकेत नोंदवीत असू. गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटे उंच भरलेला मुलगा मोठ्या ऐटीने वर्गात परते. वाढणे हा मुलांचा नित्याचा उद्योगच आहे, असे ते आकडे पाहताना वाटे.

परंतु ही वाढ आपोआप होत नाही. आमच्या वारूळवाडीचा कोणताही शेतकरी सांगेल, की बाजरी निसवताना पाण्याचा ताण पडला, तर कणीस नीट भरत नाही. मुलांचेही पुष्कळसे असेच आहे. सकस अन्न, स्वच्छ पाणी, वेळेवर औषध, निर्धास्त झोप आणि मायेचे माणूस एवढे लाभले, म्हणजे मूल वाढते. युद्ध या पाचही गोष्टी एकदम हिरावून घेते.

याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे पोलंड देशातील सुमारे ५,००० निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. कोठे पोलंड आणि कोठे कोल्हापूर! मग ही मुले येथे आली कशी?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून व सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. १९४१ मध्ये त्यांतील अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये हजारो लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. तोवर कित्येक मुले पोरकी झाली होती. या मुलांवर कोणी तोफ डागली नव्हती. तरीही थंडी, उपासमार, हगवण आणि प्रलापक ज्वर यांनी त्यांना अस्थिपंजर करून टाकले होते.

असे का होते बरे? भुकेलेले शरीर प्रथम जीव राखते आणि उंची वाढविण्याचे काम बाजूला ठेवते. त्यातच आजार आला, की खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही. वाढीला चालना देणारा रस गाढ झोपेत अधिक स्रवतो. परंतु भयाने दचकून उठणाऱ्या मुलाला तशी झोप कोठून मिळावी? पहिल्या दोन वर्षांत झालेली हानी तर पुढे भरून निघणे फार कठीण असते.

वळिवड्यास या मुलांना डोक्यावर छप्पर मिळाले. तेथे शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते. अन्न आणि स्वास्थ्य पुन्हा मिळाले, तर मागे पडलेले मूल काही काळ झपाट्याने वाढते व गमावलेल्यातील बराच भाग भरून काढते, असे वैद्यकशास्त्र सांगते. मात्र हरपलेले आईबाप कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही. वळिवड्याची ही मुले पुढे जगभर विखुरली. त्यांतील काही जण वृद्धपणी आवर्जून कोल्हापूरला येऊन गेले.

डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने युद्धग्रस्त मुलांसाठी ‘युनिसेफ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉक्टर लुडविक राइखमन हे पोलंडचेच होते. मूल मित्राचे की शत्रूचे, हे न पाहता त्याला दूध व औषध द्यावे, असे तिचे धोरण होते.

बालमित्रांनो, युद्धे आजही संपलेली नाहीत. ती थांबविणे तुमच्या हाती नाही. परंतु उद्या एखादे परक्या गावचे, परक्या भाषेचे, भेदरलेले मूल तुमच्या वर्गात आले, तर त्याला आपल्या शेजारी बसवून घेणे आणि डब्यातील भाकरीचा अर्धा वाटा देणे तुमच्या हाती आहे. मुलाच्या वाढीला जे जे लागते, त्यात त्या शेजाराचाही वाटा असतो.